चिखलाला हात न लावणारं मूल

एका आईने विचारलं आहे. मुलगा अडीच वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची. मुलीला चिखलातून ओढून बाहेर काढावं लागतं. मुलगा मात्र वाळूच्या कडेला दोन्ही हात पोटाशी धरून उभा राहतो आणि बोटाला जरा ओली माती लागली की रडत बोट पुढे करतो, पुसून दे म्हणून. त्याची भीती जावी म्हणून तिने रंगीत वाळू आणली, फेस आणला, पाण्यात फुगणारे जेलीचे मणी आणले. मुलगा आणखीच बिचकला. आता तिचं विचारणं असं: हे खेळ मुलांना खरंच लागतात का, लागत असतील तर धाकट्याला सवय कशी लावायची, आणि मातीतून काही आजार तर होणार नाहीत ना?

ताई, बाकी सगळं सावकाश बोलू, पण ते फुगणारे मणी आधी घरातून काढा. कोरडा असताना मोहरीएवढा असलेला मणी पाणी शोषून कित्येक पट वाढतो आणि गिळला गेला तर पोटातही तेच करतो. आतड्यात फुगून अडकला की शस्त्रक्रियेची वेळ येते, आणि साध्या एक्स-रेमध्ये तो बहुतेक वेळा दिसतही नाही. कानात किंवा नाकात गेला तरी धोका आहेच. सतरंजीखाली, कपाटामागे एखादा राहिला असेल तर तोही शोधून काढा. मुलांना पाण्याचा स्पर्श द्यायचा तर पाणी आहे.

आता तुमचा ‘सवय लावायची’ हा शब्द. गेली २२ वर्षं मी लहान मुलांसोबत अंगणात, मातीत आणि पाण्यात काम करते आहे. या खेळाबद्दल मला एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे: माती आणि मुलाचा हात यांच्यात किती अंतर असावं, हे त्या मुलाने ठरवायचं. जागा, पाणी, पुसायचं फडकं, सुरक्षितता आणि वेळ ही सगळी तयारी आपली. पण हात त्याचा आहे.

हे मी चूक करून शिकले. शिकवायला लागून दुसरंच वर्ष होतं. एक तीन वर्षांची मुलगी रंगाच्या परातीजवळ येऊन नुसती बघत उभी राहायची. एकदा हात घातला की मजा वाटेल, असं मला मनापासून वाटलं. मी तिचं मनगट धरून हलकेच तळवा रंगात टेकवला. ती रडली नाही. तिने मूठ मिटली आणि घरी जाईपर्यंत उघडली नाही. डबा खायलासुद्धा दुसराच हात वापरला. त्यानंतर जवळजवळ चार महिने ती परातीच्या आसपास फिरकली नाही. आधी निदान बघायला तरी येत होती, तेवढंही मी घालवलं. अजून कुणी मुलाचं मनगट धरलेलं दिसलं की मला ती मिटलेली मूठ आठवते.

स्पर्शाची दोन कामं असतात. एक, सावध करणं: काहीतरी लागलं, चिकटलं, चढलं, झटकून टाक. दुसरं, ओळखणं: हे खरखरीत आहे, हे गार आहे, हे दाबलं तर दबतं. बहुतेक मुलांमध्ये पहिलं काम लवकर शांत होतं आणि दुसरं सुरू होतं. काही मुलांचा पहिला पहारेकरी मात्र फार जागा असतो. जीन एअर्स या अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्टने (म्हणजे रोजची कामं आणि खेळ मुलाला जमावेत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) १९६०च्या दशकात अशा मुलांबद्दल तपशिलाने लिहिलं, आणि त्यांच्या मांडणीतले वाद आजही चालू असले तरी त्यातलं एक निरीक्षण मला रोज कामाला येतं: अशा मुलांना हलका, अचानक आणि दुसऱ्याने केलेला स्पर्श सर्वांत जास्त खुपतो, घट्ट दाब आणि स्वतःहून केलेला स्पर्श सोसतो. म्हणजे मुलाच्या हातावर ‘बघ, किती मऊ आहे’ म्हणत हळूच वाळू सोडणं हा त्याच्यासाठी सगळ्यात कठीण प्रकार आहे, आणि आपण प्रेमाने नेमकं तेच करतो.

त्याला नक्की काय नको आहे, ते आधी बघा. ‘चिखल आवडत नाही’ एवढ्यावर थांबू नका. कुणाला ओलं चालतं पण गार चालत नाही. त्याच चिखलात कोमट पाणी घातलं की तो दहा मिनिटं बसतो. कुणाला लागलेला चिखल चालतो, पण वाळताना कातडी ताणली जाते ते सोसत नाही. त्याला मध्येमध्ये हात बुडवायला पाण्याची बादली जवळ लागते. कुणाला तळव्याला चालतं, मनगटाच्या वर आलं की नको होतं, कारण बाही ओली होऊन चिकटते. बाही कापलेला सदरा घातला की प्रश्न मिटतो. आणि काहींना स्पर्शाचं काहीच नसतं, ‘शी, घाण!’ हे कुणीतरी इतक्यांदा म्हटलेलं असतं की त्यांना रागावणं ऐकू येत असतं. चार दिवस नुसतं बघा. तो किती वेळ थांबतो, कुठल्या क्षणी हात मागे घेतो, हे एका चिठ्ठीवर टिपून ठेवा.

एका मुलाचं सांगते, म्हणजे हे किती हळू होतं ते कळेल. तोही साधारण तुमच्या मुलाच्या वयाचा. पहिले आठ-दहा दिवस तो कडेच्या दगडावर उभा. मी त्याच्या शेजारी बसून माझं माझं मातीचं काम करायची, त्याच्याकडे न बघता. मग एक दिवस त्याने काठी घेतली आणि चिखलात खुपसली. बाहेर काढताना पचक असा आवाज झाला. तो थबकला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा खुपसली. त्या दिवशी तेवढंच चाललं, कदाचित चाळीसेक वेळा. पुढे काठीच्या जागी लांब दांड्याचा डाव आला, मग आखूड दांड्याचा चमचा. हात चिखलाच्या जवळ येत होता आणि ते अंतर तोच कमी करत होता. पाचव्या आठवड्यात त्याच्या चमच्याच्या दांड्याला चिखल लागला. एरवी तो चमचा टाकून आला असता. शेजारी स्वच्छ पाण्याचं घमेलं होतं. तो गेला, चमचा पाण्यात बुडवला आणि दांडा अंगठ्याने घासून धुऊ लागला. धुताना चिखल बोटांना लागला, पाण्यात सुटला, पुन्हा लागला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. मग त्याने दुसऱ्या मुलांचे चमचे मागून आणले आणि तेही धुतले. चिखलाला त्याचा पहिला हात असा, धुता धुता लागला.

म्हणून मी म्हणते, धुण्याचं पाणी हे खेळानंतरचं काम समजू नका, ते खेळातच असू द्या. चिखल हातावरून कधीही काढता येतो, अगदी आत्ता, कुणाला न विचारता, हा भरवसा मिळाला की मूल तो लावून घ्यायला तयार होतं. घमेलं त्याच्या हाताच्या अंतरावर ठेवा, खांद्यावर कोरडं फडकं टाका, आणि त्याने दर अर्ध्या मिनिटाला हात पुसले तरी ‘परत काय पुसतोस’ म्हणू नका. पुसून झालं की तो पुन्हा येतोय ना, तेवढं बघा.

आणखी एक युक्ती सांगते. खेळाआधी त्याला जड काम द्या. ओल्या वाळूने निम्मी भरलेली छोटी बादली इकडून तिकडे नेणं, ढकलगाडी ढकलणं, ओला टॉवेल दोघांनी दोन टोकं धरून पिळणं, टाचेने माती दाबणं. स्नायू आणि सांध्यांवर असा ताण आला की बरीच मुलं शांत होतात आणि मग स्पर्श कमी खुपतो. जाड स्पंज भिजवून पिळायला द्या. त्यात दाब आहे, पाणी आहे, आणि चिकटणारं काही नाही. कोरड्यापासून ओल्याकडे, दाण्यांपासून लिबलिबीताकडे, घट्टापासून पातळाकडे, असा क्रम बहुतेकांना मानवतो. अपवाद असतात. काहींना कोरडी वाळू नको असते आणि थेट पाणी हवं असतं. त्यांना पाणीच द्या.

इथे एक थांबा घ्यायला हवा. खेळातल्या मातीपुरतं बिचकणं हा स्वभाव असू शकतो. पण केस कापणं, नखं काढणं, दात घासणं, कपड्याची शिवण, जेवणातले ठरावीक पोत यांवरूनही रोज रडारड होत असेल, खाण्यातले पदार्थ कमी कमी होत चालले असतील, किंवा बोलणं आणि लोकांमध्ये मिसळणं याबद्दलही मनात शंका असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टचा सल्ला घ्या. ‘मोठा झाला की होईल’ म्हणून वर्ष घालवू नका. लवकर दाखवलं म्हणजे मुलावर काही शिक्का बसतो असं नाही. उलट त्याला काय त्रास होतो ते घरातल्या सगळ्यांना कळतं आणि त्याच्यावर ओरडणं थांबतं.

आता हे सगळं लागतं कशाला, या प्रश्नाकडे येते. आणि इथे मला थोडं जास्त बोलू द्या.

तुमच्या मुलीला तासभर निरखून बघा. ती कोरड्या वाळूचा ढीग करते, तो ओघळतो. पाणी घालते, उभा राहतो. आणखी पाणी घालते, कोसळतो. साधारण आठ भाग कोरडी वाळू आणि एक भाग पाणी झालं की बादली उपडी केल्यावर आकार टिकतो, कारण दोन कणांच्या मध्ये पाण्याचे बारीक पूल तयार होतात आणि ते कणांना ओढून धरतात. पाणी फार झालं की कणांमधली हवा निघून जाते, पूल उरत नाहीत आणि वाळू वाहायला लागते. पाच वर्षांच्या मुलीला हे शब्द माहीत नसतात, पण मुठीत दाबून बघून ‘अजून थोडं पाणी’ की ‘आता बास’ हे तिला अचूक कळतं. हे तिला कुणी सांगून कळलेलं नसतं. पन्नास वेळा ढीग कोसळलेला असतो, तेव्हा कळलेलं असतं. माती, वाळू आणि पाणी यांच्यासारखं ताबडतोब उत्तर देणारं आणि पुन्हा करून बघू देणारं दुसरं साधन मी पाहिलेलं नाही.

मागे दोन मुली मातीत पाण्याचा पाट काढत होत्या. पाणी मध्येच जिरून जायचं. एकीने भरभर ओतून बघितलं, तरी जिरलं. दुसरीने पाटाच्या तळाशी मोठी पानं अंथरली, एकावर एक, पण पाणी येतं त्या बाजूच्या पानाचं टोक पुढच्या पानाच्या खाली गेलं होतं, त्यामुळे पाणी फटीतून खालीच जायचं. कितीतरी वेळ दोघी उकिडव्या बसून त्या एका सांध्याकडे बघत होत्या. मग धाकटीने पान उचललं, उलट्या बाजूने वर ठेवलं, आणि पाणी सरसरत पुढे गेलं. छपरावर कौलं ज्या कारणाने एका ठरावीक दिशेने चढवतात, ते कारण चार वर्षांच्या मुलीने स्वतः शोधलं होतं. मी तीन हात लांब बसले होते आणि बोलायचा मोह मला आवरावा लागला होता. ‘अगं, पान उलटं ठेव’ म्हटलं असतं तर पाट पूर्ण झाला असता, पण तो शोध तिचा राहिला नसता.

हातांचं म्हणाल तर पिळणं, ओतणं, उकरणं, चिमटीने गाळ उचलणं, मातीचा गोळा तळव्यांत वळणं या प्रत्येकात बोटं, अंगठा आणि तळव्याची खोलगट कमान वेगळ्या तऱ्हेने काम करते. पेन्सिल धरण्याची घाई असलेल्या पालकांना मी आधी स्पंज पिळायला देण्याचा आग्रह करते. चार वर्षांच्या मुलाला ओळीत अक्षर काढता येत नसेल तर बहुतेकदा त्याच्या मनगटाला आणि बोटांना अजून ताकद आलेली नसते, आणि गिरवून गिरवून ती येत नाही.

आणि भाषा. हे पालकांच्या सर्वांत कमी लक्षात येतं. आपल्याकडे ओल्या गोष्टींसाठी केवढे शब्द आहेत! दमट, ओलसर, ओलंचिंब, सरसरीत, रबरबीत, लिबलिबीत, बुळबुळीत, पचपचीत, चिकट, गाळ, गारा, राड. कोरड्यासाठी भुसभुशीत, भुरभुरीत, रवाळ, खरखरीत, टणक, ठिसूळ. पुस्तकातल्या चित्रावरून ‘भुसभुशीत’ शिकवता येत नाही. माती उकरताना बोटं सहज आत जातात, त्या क्षणी शेजारून कुणीतरी ‘कशी भुसभुशीत झालीय’ म्हटलं की तो शब्द कायमचा बसतो. फक्त परीक्षा घेऊ नका. ‘हे काय आहे? हा रंग कोणता? किती दगड?’ असे प्रश्न सुरू झाले की मूल खेळातून उठून शाळेत बसल्यासारखं होतं. तुमच्या हाताला काय लागतंय ते तुम्ही तुमच्यापुरतं म्हणा, आणि बराच वेळ गप्प बसा.

आजारांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. तिच्यातला काही भाग खरा आहे आणि काही भाग वाढवून सांगितलेला. फिनलंडमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३ ते ५ वर्षांच्या ७५ मुलांचा अभ्यास होता. काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात रानातली झुडपी जमीन आणि गवत आणून बसवलं. मुलं त्यात रोज खेळली. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या काही खुणांमध्येही चांगल्या दिशेने बदल दिसले. प्रयोग लहान आहे, महिन्याभराचा आहे. त्यावरून ‘माती खाल्ली की ॲलर्जी होत नाही’ असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण स्वच्छ जागेतल्या मातीत हात घालणं म्हणजे आजाराला बोलावणं, हेही खरं नाही.

खरे धोके कुठे आहेत ते सांगते. पहिला पाण्याचा, आणि तो घाणीचा नसून खोलीचा आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. बादलीत वाकलं की तोल जातो आणि स्वतःला वर उचलता येत नाही. पाच सेंटिमीटर पाणीसुद्धा नाका-तोंडाला पुरतं, आणि बुडणारं मूल ओरडत नाही. धाकट्याजवळ पाणी असेल तेव्हा तुम्ही हात लांबवला की तो पोचला पाहिजे, इतक्या अंतरावर बसा. फोन आत ठेवा. दार वाजलं तर मुलाला उचलून घेऊन जा. खेळ संपला की प्रत्येक बादली, घमेलं, टब रिकामं करून उपडं ठेवा. उपडं ठेवण्याचं दुसरं कारण डास: साचलेल्या पाण्यात आठवड्या-दीड आठवड्यात अंड्याचा डास होतो.

दुसरा धोका प्राण्यांच्या विष्ठेचा. मऊ वाळू मांजरांना आवडते. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेत जंतांची अंडी असू शकतात, पण त्यातून लागण होण्याजोगी स्थिती यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून वाळूवर रोज जाळी किंवा झाकण घालणं, सकाळी एकदा दाताळं फिरवणं आणि घाण दिसली की त्याच दिवशी भोवतालच्या वाळूसकट काढून टाकणं, एवढ्याने बरंच काम होतं. जिथे उघड्यावर शौचाला बसतात अशा जमिनीत अनवाणी खेळू देऊ नका. अंकुशकृमी (हुकवर्म) नावाचे जंत पायाच्या कातडीतून शिरतात. रस्त्यावर साचलेल्या, उंदीर फिरत असलेल्या डबक्यात मुळीच नाही, कारण उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू त्या पाण्यात येतात आणि जखमेतून अंगात जातात. डबकं हवंच असेल तर तुमच्या मातीत तुमच्या पाण्याचं करा. जुन्या रंगाचे पोपडे पडणाऱ्या भिंतीखालची आणि वर्दळीच्या रस्त्याकडेची माती वापरू नका. तिच्यात शिसं असण्याचा संभव असतो. धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असावी. हातापायाला जखम असेल तर ती पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाका, नखं कापलेली ठेवा.

झाडांचंही बघून घ्या. गुंजेच्या आणि एरंडाच्या बिया, कण्हेर आणि धोतऱ्याचा कुठलाही भाग विषारी असतो. गुंज तर इतकी सुंदर दिसते की मूल ती उचलणारच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. खेळायची जागा ठरली की आधी तुम्ही एकट्याने तिथे गुडघ्यांवर बसून फिरा. काच, तार, मुंग्यांचं वारूळ उभ्याने दिसत नाही, गुडघ्यांवर दिसतं.

माती तोंडात घालण्याबद्दल. दोन वर्षांच्या आत तोंड हे हातासारखंच ओळखण्याचं साधन असतं. चिमूटभर माती गेली तर तोंड पुसा, पाणी पाजा, घाबरू नका. दोन वर्षांनंतरही मूल महिनाभराहून जास्त काळ शोधून शोधून माती, खडू, भिंतीचा चुना खात असेल तर रागावू नका, डॉक्टरांकडे न्या. रक्तातलं लोह बऱ्याचदा कमी असतं आणि तपासणीत ते कळतं.

साहित्याचं थोडक्यात. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावेल अशी कुठलीही वस्तू नको; खेळणी तपासताना हेच माप वापरतात. म्हणजे छोटे गोटे, शंख, बिया, बटणं तुमच्या मुलीपुरतीच, आणि तीही धाकटा जवळ नसताना. धाकट्याला माती, पाणी, स्पंज, मोठे दगड, मोठी पानं, डाव, गाळणं, वेगवेगळ्या मापांची भांडी. मुलीला यांशिवाय नळ्या, फळ्या, दोरी, विटांचे मोठे तुकडे, जुना पडदा. सायमन निकोल्सन या ब्रिटिश कलाकाराने १९७१ साली अशा सुट्या वस्तूंबद्दल लिहिलं होतं: ज्या वस्तू हलवता, जोडता, मोडता येतात त्या जितक्या जास्त, तितकी मुलांची कल्पकता जास्त. मला वाटतं, तुमची मुलगी त्या फळीचं काय करते ते बघाल तेव्हा त्याचा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळेल. विकतचे संच मी सहसा सुचवत नाही. रंगीत वाळू सगळ्या मुलांच्या हातात सारखीच वागते.

कच्चं पीठ खेळायला देऊ नका, त्यातही जिवाणू असू शकतात आणि धाकटा ते चाटणारच. घट्टसर काही हवं असेल तर पीठ पाण्यात शिजवून खळ करा, पूर्ण गार होऊ द्या आणि त्याच दिवशी संपवा. चार वर्षांपुढच्या मुलांसाठी दोन भाग कॉर्नफ्लॉर आणि एक भाग पाणी हे मिश्रण विलक्षण आहे: मूठ आवळली की घट्ट गोळा, सैल सोडली की बोटांतून ओघळतं. पण ते मोरीत ओतू नका. तळाशी बसून दगडासारखं होतं; आमची एक मोरी त्यापायी फोडावी लागली होती. पूर्ण सुकू द्या आणि खरवडून कचऱ्यात टाका.

कपडे जुने, सुटसुटीत, आणि त्यांचं काय होईल याची तुम्हाला चिंता नसेल असे. मूल प्रत्येक डागाला तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतं. ऊन चढण्याआधीची वेळ धरा. धातूची भांडी आणि घसरगुंडी उन्हात भाजण्याइतकी तापतात. वारा असेल तर ओलं मूल लवकर गारठतं, ओठ निळसर व्हायची वाट बघू नका. वाळू डोळ्यात गेली तर चोळू द्यायचं नाही, स्वच्छ पाण्याची धार सोडायची. त्वचा कोरडी पडून खाज येणाऱ्या मुलाला खेळाआधी मलम लावा आणि नंतर लगेच साध्या पाण्याने धुवा.

शेवट आधी ठरवलेला असला की खेळ सुखाचा होतो. दोन बादल्या: पहिलीत ढोबळ चिखल काढायचा, दुसरीत साबणाने हात, किमान वीस सेकंद, नखांसकट. चिखलाच्या हातांवर सॅनिटायझर चालत नाही. पहिल्या बादलीचं पाणी स्थिर होऊ द्या, वरचं झाडाला, खालचा गाळ पुन्हा मातीत. दारापर्यंत एक जुनी चादर अंथरा, कपडे तिच्यावर उतरवा आणि चादरीसकट उचला. ‘आता संपलं’ असं अचानक म्हणण्याऐवजी ‘अजून तीन बादल्या, मग आवरायचं’ म्हणा, आणि त्या तीन बादल्या त्यांनाच मोजून भरू द्या. धाकट्याला तर आवरण्यातच सगळ्यात जास्त रस असेल असं मला वाटतं. त्याला ब्रश द्या, ताईचे चमचे धुऊ दे.

मुलीकडून एक मदत मागा. तिने भावाला बोलवायचं नाही, त्याच्या अंगावर माती उडवायची नाही, ‘बघ तो घाबरट’ तर मुळीच म्हणायचं नाही. तिने तिचा खेळ खेळायचा, तो बघत असेल तिथून दिसेल अशा जागी. मूल दुसऱ्या मुलाकडून जे घेतं ते आपल्याकडून घेत नाही.

पहिल्या दिवशी फार मांडामांड करू नका. सावलीत एक घमेलं माती, एक घमेलं पाणी, एक लांब दांड्याचा डाव, दोन फडकी. तुम्ही जमिनीवर बसा, त्याच्याकडे थोडी पाठ करून, आणि खरोखर काहीतरी करा: गोळे वळा, चूल करा, काहीही. वीस मिनिटं. तो जवळ आला नाही तरी उद्या त्याच जागी, त्याच वेळी, तीच दोन घमेली. तो कुठे उभा होता तिथे खडूने बारीक खूण करून ठेवा. आठवड्याने त्या खुणा बघा.